सक्षम प्राधिकारी

सुनावणीला बोलावलेली बाई वेळेच्या बरीच आधी येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. मांडीवर पर्स, पायाशी पाण्याची बाटली. मराठवाड्याच्या पार टोकाहून एसटीने आली होती. मी जिना चढून वर आले तशी ती उठली आणि तिनं नमस्कार केला. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. पुण्याच्या ऑफिसात जो कोणी दिसेल त्याला नमस्कार करायचा असं ठरवूनच ती आली असावी, कारण माझ्यामागून चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या माणसालाही तिनं तसाच नमस्कार केला.

मी एका सरकारी संचालनालयात उपसंचालक आहे. राज्यभरातली मुलींची वसतिगृहं आमच्याकडे आहेत. प्रत्येक वसतिगृहात एक गृहपाल असते. मुली तिच्याकडे राहतात, तिच्यासमोर जेवतात, ताप आला की तिलाच हाक मारतात. पण आमच्या नियमांत गृहपालला स्वतःहून ठरवता येईल असं फार थोडं होतं. शाळा चालू असताना मुलीला घरी पाठवायचं, तिला खासगी दवाखान्यात न्यायचं, स्वतः गाव सोडून दुसऱ्या गावी जायचं, अशा प्रत्येक कलमाला एकच शेपूट होतं: 'सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने'. आणि तो सक्षम प्राधिकारी बसायचा पुण्यात, माझ्या खोलीच्या बरोबर समोर.

या बाईनं एका मुलीला परवानगीशिवाय घरी पाठवलं होतं आणि परवानगीशिवाय स्वतःही तिच्याबरोबर गेली होती. तिला कारणे दाखवा नोटीस निघाली. वसतिगृहांच्या शाखेशी माझा संबंध नव्हता, मी नियोजन बघायचे, म्हणून चौकशी माझ्याकडे आली.

"परवानगी मागितली होती का तुम्ही?" मी विचारलं.

"मागितली की मॅडम. जिल्ह्याच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, माझ्या हातात नाही, पुण्याला विचारावं लागेल. शनिवार होता. पुणं बंद."

"मग?"

"मग काय. सहावीतलं लेकरू. बाप ट्रॅक्टरखाली गेला म्हणून निरोप आला, तर दप्तर पाठीला लावून दारात उभी राहिली. शाळेला निघाल्यासारखी. तिला दुसरं काही सुचलंच नाही. माती किती वेळ थांबवतील लोक?"

"काका न्यायला आले होते ना? त्यांच्याबरोबर पाठवायचं. तुम्ही स्वतः का गेलात?"

"काका पिऊन आला होता. भाऊ गेला त्याचा, मी त्याला काही म्हणत नाही. पण त्याच्या मोटारसायकलवर लेकरू कसं बसवू? स्वयंपाकाच्या मावशीला बाकीच्या मुलींपाशी बसवलं आणि जीप करून मीच गेले."

काका प्यायलेला होता हे नोटिशीत नव्हतं. जिल्ह्याच्या अहवालातही नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

सगळं लिहून झालं, तिनं सही केली. उठता उठता म्हणाली, "मॅडम, शिक्षा द्यायची ती द्या. पण पुढच्या वेळी मी काय करू, तेवढं सांगा. पाठवू नको म्हणालात तर नाही पाठवणार."

ती दोषी की निर्दोष, हे ठरवण्याचा अधिकार मला होता. या प्रश्नाचं उत्तर देण्याचा नव्हता. मी तिला म्हटलं, परतीची गाडी किती वाजता आहे? तिला वाटलं मी चिडले. घाईघाईनं नमस्कार करून निघून गेली.

तिला दोषमुक्त करावं असं मी लिहिलं. तेव्हाचे आमचे संचालक परराज्यातले, तरुण. मराठी मेहनतीनं शिकलेले, त्यामुळे आमच्यापेक्षा शुद्ध बोलायचे. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, या बाईंची चूक नाही, हे मला पटले. ज्यांनी नोटीस दिली त्यांनी नियमाप्रमाणे दिली. त्यांचीही चूक नाही. मग चूक कोणाची?"

"नियमाची, सर."

"नियम कोणाचा?"

"आपलाच. शासनानं अधिकार संचालकांना दिलेत. त्यातले खाली कोणते द्यायचे, हे संचालकांनी ठरवायचं. आजवर पुण्याच्या ऑफिसबाहेर कुणी काही दिलंच नाही."

त्यांनी फाईल मिटली. "मग आपण ठरवू. मसुदा तुम्ही करा."

समोरच्या खोलीतला सक्षम प्राधिकारी म्हणजे माझी मैत्रीण. आम्ही दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलो. ती पेठेतली, पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातच असलेल्या घरातली. मी आमच्या घरातली पहिली अधिकारी. माझे आजोबा छप्पन्न साली दीक्षा घेऊन आले आणि त्यांनी मुलांना शाळेत घातलं, वडील कारकून झाले, मी स्पर्धा परीक्षा दिली. रुजू झाले त्या पहिल्या आठवड्यात मी माझा डबा टेबलाच्या कोपऱ्यात एकटीच उघडत होते. का, ते सांगायची गरज नाही. ही बाई खुर्ची ओढत आली, माझ्या डब्यात डोकावली आणि म्हणाली, "सुकट आहे होय? मग मी आपली खिडकीपाशी बसते. पण बसते." तेव्हापासून आम्ही रोज एकत्र जेवत आलो. तिनं सुकट कधी खाल्ली नाही, पण माझी भाकरी आणि ठेचा तिला लागायचाच. आई डब्यात एक भाकरी तिच्या नावाची घालायची.

तिच्या खोलीत कायम माणसं असत. राज्यभरातल्या गृहपाल कामं घेऊन यायच्या. कुणाची रजा, कुणाची बदली, कुणाला मुलीच्या बाळंतपणासाठी गाव सोडायची परवानगी. तिला प्रत्येकीचं घरदार पाठ होतं. ती त्यांना फटकारायची, मग चहा पाजायची. पैशांसाठी अडवणूक तिनं जन्मात केली नाही. तिला माणसं लागत. घरी नवरा, तोही अबोल. "आमच्याकडे दोन माणसं राहतात आणि बोलते मी एकटीच," असं ती म्हणायची.

मसुदा हाती घेण्याआधी मी तिला सांगायला गेले. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मुलींना घरी पाठवणं, दवाखाना, मुख्यालय सोडणं, किरकोळ रजा, हे सगळं खाली?"

"काही गृहपालकडे, काही जिल्ह्याला. तुझ्याकडे बदल्या आणि मोठ्या तक्रारी राहतील."

"वा. म्हणजे माझी खोली आता हवेशीर होणार."

"अगं, तुझ्या विरुद्ध नाही हे. तू स्वतः सांग, शनिवारी त्या मुलीनं काय करायचं होतं?"

"मी कुठे काय म्हणतेय? कर तू. तुझं मराठी चांगलं आहे."

त्या दुपारी ती जेवायला आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी दार ढकललं तर ती जेवत होती. समोर फाईल उघडी. "आज जरा काम आहे गं," ती म्हणाली. वर न बघता. मी डबा घेऊन परत आले. आईची भाकरी नव्हतीच तेव्हा. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं, मी पोळ्या एका बाईकडून करून घेत होते, पण सवयीनं एक जास्त सांगत होते.

मसुद्यावर बैठका झाल्या. अधिकार खाली द्यायचे म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो, तो लेखाधिकाऱ्यांनी विचारला: "उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" मी म्हटलं, आज काही झालं तर कोण आहे? ते म्हणाले, आज फाईल आहे. यावर कोणी हसलं नाही. प्रत्येक शाखेनं आपली दोन-दोन कलमं परत मागून घेतली. संचालकांनी त्यातली निम्मी पुन्हा खाली दिली. माझी मैत्रीण सगळ्या बैठकांना हजर होती आणि एक अक्षर बोलली नाही. शेवटच्या बैठकीत संचालकांनी तिला थेट विचारलं, आपले मत? ती म्हणाली, "शुद्धलेखन उत्तम आहे, सर."

आदेश निघाला. गृहपालला प्रथमच स्वतःच्या सहीनं काही ठरवता येणार होतं. मला वाटलं, आता जिल्ह्याजिल्ह्यांतून सुटकेचा निःश्वास ऐकू येईल. त्याऐवजी आले ते प्रस्ताव. 'अमुक विद्यार्थिनीस घरी पाठवावे किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन व्हावे.' अधिकार हातात दिले होते आणि त्या ते हात जोडून परत पाठवत होत्या. मी एकेकीला उत्तर पाठवायचे, अधिकार आपल्याकडे आहेत, आपल्या स्तरावर निर्णय घ्यावा. एके दिवशी तेच वाक्य लिहिताना मी थांबले.

मला हे वाक्य कुणीतरी म्हटलेलं होतं.

आई शेवटी दवाखान्यात होती तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, श्वासाचं यंत्र लावायचं की नाही? लावलं तर किती दिवस चालेल सांगता येत नाही, काढायची वेळ आली तर पुन्हा तुम्हालाच ठरवावं लागेल. मी भावाला फोन केला. तो खराडीला राहतो, तिथल्याच एका कंपनीत नोकरी करतो. आमच्या कोथरूडहून खराडी म्हणजे शहराचं दुसरं टोक, पण परदेश नाही. तो मीटिंगमध्ये होता. बाहेर येऊन बोलला. आवाज भरून आला होता त्याचा, खोटं नाही. म्हणाला, "ताई, तू ठरव. तुला जे योग्य वाटेल ते. माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे." मी यंत्र लावू नका म्हणून सांगितलं. तो संध्याकाळी आला, आईच्या पायाशी बसून रडला. तू हे का केलंस, असं त्यानं मला कधीच विचारलं नाही. बरोबर केलंस असंही तो कधी म्हणाला नाही. पुण्यानुमोदनाला माणसं आली, वंदना झाली, जेवणं झाली, आणि दार लावल्यावर त्या दोन खोल्यांत मी आणि तो निर्णय, एवढेच उरलो.

म्हणून मी फाईल बाजूला ठेवून संचालकांकडे गेले. म्हटलं, सर, आदेशात एक गोष्ट राहिली. निर्णय गृहपालचाच राहू दे, पण ठरवताना तिला कुणाशी बोलावंसं वाटलं तर फोन उचलणारं माणूस हवं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

"कोण उचलेल?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. घरचे काय म्हणतील, असं विचारणार होते बहुधा. त्यांना आठवलं असावं. त्यांनी पत्र काढायला सांगितलं.

शनिवार-रविवार फोन वाजू लागला. मी सुरुवातीलाच सांगायचे की परवानगी मी देणार नाही, ती तुमच्याकडेच आहे. तरी त्या बोलायच्या. एकीकडे मुलीला फिट आली होती आणि सरकारी दवाखान्यात डॉक्टर नव्हते. एकीच्या वसतिगृहात दोघी बहिणींच्या घरी भांडण होऊन आई माहेरी निघून गेली होती, आता दिवाळीला मुलींना पाठवायचं कुठे? मी फक्त विचारायचे, तुम्हाला काय वाटतं? बऱ्याचदा त्यांना काय वाटतं हे त्यांना ठाऊकच असायचं. ते मोठ्यानं म्हणायला कुणीतरी ऐकणारं लागायचं. फोन ठेवल्यावर घरातला पंख्याचा आवाज पुन्हा ऐकू यायचा. सोमवारी ऑफिसात यायचे, समोरचं दार बंद असायचं. बाहेरच्या बाकावर आता कुणी नसायचं. त्याचं कारण मी होते, आणि ते कारण चांगलं होतं, हे दोन्ही मला रोज दिसायचं.

पुढे संचालकांची बदली झाली. नवे आले ते आमच्याच ऑफिसातून वर गेलेले, सावध माणूस. आणि त्याच सुमारास तो प्रकार घडला.

रविवार होता. आमच्या सोसायटीतल्या बायका मिळून मार्केट यार्डात जातात, पोत्यानं कांदे-बटाटे आणून आपसात वाटून घेतात. आई असताना ती पुढारी. ती गेल्यावरही त्यांनी मला विचारणं सोडलं नाही. एकटीला किती कांदे लागणार, पण त्या दिवशी मी गेले. हमालांच्या 'ए बाजूला, बाजूला'मध्ये फोन वाजला. आवाज ओळखीचा नव्हता. नाशिककडच्या एका वसतिगृहाची गृहपाल.

"मॅडम, माझ्याकडची आठवीतली मुलगी परवा घरी पाठवली. मामा आला होता न्यायला. आजी सिरियस आहे म्हणाला. मी आईला फोन करून खात्री केली मॅडम, आई हो म्हणाली, मगच पाठवली."

"मग?"

"आजी ठणठणीत आहे. उद्या मुलीचं लग्न लावतायत. तिनं शेजारणीच्या फोनवरून इथल्या मैत्रिणीला कळवलंय."

मी पोत्यांच्या थप्पीमागे गेले. एक कान हातानं दाबून धरला.

"मी जाऊ का मॅडम तिकडे?"

"तुम्हाला माझी परवानगी लागत नाही."

ती म्हणाली, "ते मला माहीत आहे. पण मी एकटी आहे ना."

मी म्हटलं, "एकटी नाही जायचं. पोलीस ठाण्यात जा, ग्रामसेवकाला सोबत घ्या, बालविवाह थांबवायची जबाबदारी त्यांची असते. मी इकडून जिल्ह्याला फोन लावते. आणि निघाल्यापासून पोचेपर्यंत मला सांगत राहा. मी कुठेही जात नाही."

खरंच कुठे गेले नाही. सोसायटीच्या बायका कांदे घेऊन टेम्पोत बसल्या, हाका मारून दमल्या आणि गेल्या. मी तिथंच एका बंद गाळ्याच्या पायरीवर बसून होते. जिल्ह्याचे अधिकारी, पोलीस, पुन्हा जिल्हा, पुन्हा ती. ठाण्यात बसवून ठेवलंय. निघालो. रस्ता खराब आहे. मांडव दिसतोय मॅडम. मग बराच वेळ काही नाही. बाजार आवरत आला, कुणीतरी पायऱ्यांवर पाणी मारलं, माझी चप्पल भिजली. शेवटी तिचा फोन आला तेव्हा ती रडत होती आणि मागून बायकांचा कल्ला ऐकू येत होता. हळद लागली होती, पण लग्न थांबलं. मुलगी तिच्याबरोबर गाडीत होती.

"ती बोलतेय का?" मी विचारलं.

"नाही मॅडम. हात धरून बसलीय नुसती."

मुलगी परत आली. पण दोन दिवसांनी स्थानिक पेपरात बातमी आली की सरकारी वसतिगृहातल्या मुलीला लग्नासाठी सोडलं. थांबवल्याचं शेवटच्या ओळीत होतं. एका पुढाऱ्यानं पत्र लिहिलं. नव्या संचालकांनी बैठक बोलावली.

"आदेश मागे घ्यावा असं माझं मत झालंय," ते म्हणाले. "हेतू चांगला होता, मान्य. पण खालच्या पातळीवर तेवढी समज नाही. परवानगी पुण्यातून गेली असती तर हे झालं नसतं."

लेखाधिकाऱ्यांनी मान डोलावली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग टेबलाकडे. मी सांगितलं, गृहपालनं आईला विचारूनच मुलगी पाठवली होती आणि गाव सोडायचा अधिकार तिला नसता तर ती रविवारी तिथं पोचलीच नसती. पण माझ्याच आदेशाची बाजू मीच मांडत होते, त्याला वजन नव्हतं. खोलीत इतकी माणसं आणि मी भिंतीशी बोलल्यासारखी बोलत होते.

तेव्हा माझी मैत्रीण बोलली.

"सर, पुण्यातून परवानगी म्हणजे माझ्याकडून. इतकी वर्षं मीच देत होते. मी काय बघायचे ते सांगते. अर्ज आहे का, पालकाची सही आहे का, जिल्ह्याची शिफारस आहे का. असली की सही. ही मुलगी माझ्याकडे आली असती तर आईची सही असतीच. मी पाठवली असती. आणि उद्या लग्न आहे, हे मला कधीच कळलं नसतं, कारण मला फोन करायची त्या बायकांची छाती नव्हती."

तिनं टेबलावरचा आदेश पुढे ओढला.

"आदेशात एक भोक आहे, ते बुजवा," ती पुढे म्हणाली. "पाठवण्याआधी मुलीला एकटीला बसवून विचारायचं, तुला जायचंय का? आणि ठरल्या दिवशी परत आली नाही तर गृहपालनं दुसऱ्याच दिवशी घरी जाऊन यायचं. दोन ओळी आहेत. लिहायला या आहेतच. मराठी चांगलं आहे त्यांचं."

आदेश राहिला. दोन ओळी वाढल्या. त्या तिच्या होत्या, पण खाली सही माझी.

दुपारी मी डबा घेऊन तिच्या खोलीच्या दारात उभी राहिले.

"बसू का?"

"खुर्ची सरकारी आहे. मला कशाला विचारतेस?"

बसले. तिनं माझ्या डब्यातून काही घेतलं नाही, मीही तिच्या डब्याला हात लावला नाही. मी म्हटलं, "आज जे बोललीस त्याबद्दल..." ती म्हणाली, "खरं होतं ते बोलले. तुझ्यासाठी नाही बोलले." थोड्या वेळानं म्हणाली, "तुझं चुकलं नाही गं. ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तोच तर त्रास होता. चुकलं असतं तर भांडले असते." मग कोपऱ्यातल्या, रद्दीवाल्याला द्यायच्या जुन्या नियमपुस्तिकांबद्दल काहीतरी बोलली. मी ऐकलं. त्यानंतर आम्ही अधूनमधून एकत्र जेवायचो, शेजारी राहणाऱ्या दोन भाडेकरूंसारखं. ती निवृत्त झाली तेव्हा राज्यभरातून गृहपाल आल्या. जिना भरला होता. कितीतरी जणी रडल्या. निरोपाच्या भाषणात तिनं सगळ्यांना टोमणे मारले आणि माझं नाव घेतलं नाही. गाडीत बसताना मात्र काच खाली करून मला म्हणाली, "जेवत जा वेळेवर." गाडी गेली. फोन करते म्हणाली होती. मीही म्हणाले होते.

यंदा आमच्याकडे एक नवी उपसंचालक आली आहे, पस्तिशीच्या आतली, भराभर काम करणारी. ती एक दिवस माझ्यासमोर बसली.

"मॅडम, रागावू नका, पण सुट्टीचा फोन तुम्ही एकट्यानंच घेणं बरोबर नाही. सिस्टिम व्हायला हवी. सगळ्या अधिकाऱ्यांनी आळीपाळीनं घ्यावा. तुम्हालाही वीकेंडला थोडी स्पेस मिळेल."

तिचं बरोबर होतं. एका माणसावर टिकलेली व्यवस्था ही व्यवस्था नसते, हे मीच बैठकांतून सांगत आले होते. शिवाय फोन आता कमी झाले होते. गृहपाल सरावल्या होत्या, ठरवायच्या आणि नंतर कळवायच्या. मी तिच्या टिपणीवर सही केली. स्पेस मिळाली.

पहिला मोकळा रविवार आला. सकाळीच आंघोळ केली, आईच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. पेपर वाचला. सोसायटीतल्या बायका मार्केट यार्डाला निघाल्या होत्या, मी नको म्हटलं. कुकर लावला, उतरवला. फोन टेबलावर होता. चुकून बंद तर नाही ना, म्हणून मी तो उघडून पाहिला. चालू होता.

मग मी भावाला फोन लावला. त्यानं पहिल्याच घंटेला उचलला.

"ताई? काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही काय? तब्येत बरी आहे ना? कुठे ॲडमिट वगैरे नाहीस ना?"

"अरे नाही. सहज केला."

"सहज?"

"हो. काय करतोयस?"

तिकडे टीव्ही चालू होता, मुलांचा आवाज होता. त्यानं टीव्ही बंद केल्याचं कळलं. आता तो उठून गॅलरीत आला असणार.

"ताई, खरं सांग," तो हळू आवाजात म्हणाला. "काही ठरवायचंय का?"